मुणग्याची वीज मुंद्र्याहून

तुमचा फोन आत्ता किती टक्के आहे?

गेल्या मे महिन्यात मिठबावला आजोळी होते, तेव्हा एका संध्याकाळी माझा ११ टक्के होता. लाईट दुपारी साडेतीनला गेलेली. पाऊस नव्हता, नुसता वारा सुटला होता. कुठेतरी आंब्याची फांदी तारेवर पडली असणार, असं मामा म्हणाला. मिठबाव कुठे, असं विचारणाऱ्यांसाठी सांगते : देवगड तालुका, कुणकेश्वरच्या दक्षिणेला. गजबादेवीच्या देवळाचे रील्स तुम्ही पाहिले असतील. समुद्रावर सरळ उतरणारा कडा आणि वर देऊळ, तेच गाव. माझी असाइनमेंट अर्धवट, पॉवर बँक रिकामी आणि मी पडवीत बसून चिडचिड करत होते. आजी मात्र शांतपणे कोकमं फोडत बसली होती. ती म्हणाली, “वारो सुटलो काय लाईट जाता. आणि हेंका म्हणे हय वीज करूची होती!”

मला वाटलं, आजीची नेहमीची फिरकी. पण मामा म्हणाला, “खरा ता. मुणग्याक. चार हजार मेगावॉट.”

मुणगे म्हणजे मिठबावहून आचऱ्याकडे जाताना लागणारं, भगवती देवीचं गाव. जत्रेला मी दोनदा गेलेय. तिथे चार हजार मेगावॉटचा प्रकल्प होणार होता आणि मास कम्युनिकेशनची डिग्री घेऊन पेपरात इंटर्नशिप करणाऱ्या मला हे माहीतच नव्हतं. बचावात एवढंच सांगते, की ते घडलं तेव्हा मी बालवाडीत होते.

मुंबईला परत आल्यावर शोधाशोध केली. २००५-०६ च्या सुमारास केंद्र सरकारने ‘अल्ट्रा मेगा पॉवर प्रोजेक्ट’ नावाची योजना आणली. प्रत्येक प्रकल्प साधारण ४००० मेगावॉटचा. आकडा डोक्यात बसत नसेल तर कोयना आठवा. कोयनेचे सगळे टप्पे मिळून १९६० मेगावॉट होतात. म्हणजे दोन कोयना एका गावात, आणि त्याही कोळशावर. जमीन आणि परवानग्यांची तयारी सरकारी कंपनीने करायची, मग लिलाव लावायचा आणि जो सगळ्यात स्वस्त युनिट देईल त्याला प्रकल्प द्यायचा. महाराष्ट्रासाठी ‘कोस्टल महाराष्ट्र मेगा पॉवर लिमिटेड’ अशी कंपनीही काढली गेली. तिचा प्रकल्प आजतागायत कुणी पाहिलेला नाही.

किनाराच का हवा होता? कारण कोळसा परदेशातून जहाजाने येणार होता आणि यंत्रं थंड करायला समुद्राचं पाणी फुकट मिळणार होतं. पहिली जागा ठरली विजयदुर्गजवळची गिर्ये. तिथल्या आंबा बागायतदारांनी आणि मच्छीमारांनी विरोध केला. मग जागा हलली मुणग्याला. तिथेही तेच झालं. सरकारी यादीत मुणग्याचं नाव नंतर कितीतरी वर्षं होतं, पण गावकऱ्यांच्या विरोधामुळे काम पुढे सरकलं नाही. (गिर्ये गावाचं नशीब बघा. २०१७ मध्ये नाणार रिफायनरीच्या यादीत रामेश्वरबरोबर पुन्हा तेच नाव. ती रिफायनरीही मार्च २०१९ मध्ये तिथून रद्द झाली. एका गावाने किती वेळा ‘नाय’ म्हणायचं?)

लोकांना भीती दोन गोष्टींची होती. पहिली मोहोराची. ज्यांनी हापूस फक्त पेटीतून बाहेर काढलाय त्यांच्यासाठी सांगते : हिवाळ्यात मोहोर येतो तेव्हा एक ढगाळ आठवडा पुरतो, तुडतुडे आणि भुरी येऊन वर्षाची कमाई गळून पडते. अशा झाडांच्या डोक्यावर वर्षाला लाखो टन राख तयार करणारी चिमणी कुणाला हवी असेल? दुसरी भीती समुद्राची. अशा प्रकल्पातून बाहेर पडणारं पाणी गरम असतं. समुद्राच्या पाण्याचं तापमान मूळपेक्षा ७ अंशांहून जास्त वाढू नये, असा आपल्याकडे नियम आहे. म्हणजे सात अंशांपर्यंत चालतं! तुम्हाला तीन अंश ताप आला तर तुम्ही कॉलेजला येत नाही.

तरीही, खरं सांगायचं तर, मला शंका होती. कोकणात कुठल्याही प्रकल्पाला विरोध झाला की ‘हे लोक विकासविरोधी’ असा शिक्का बसतो, आणि मुंबईत वाढलेल्या माझ्या मनातही तो थोडासा होताच. भीती खरी होती की नुसतीच भीती, हे तपासायचं कसं? न झालेल्या प्रकल्पाचे परिणाम मोजता येत नाहीत.

पण त्याचं जुळं भावंड मोजता येतं. त्याच योजनेतला, तेवढ्याच क्षमतेचा, तसाच समुद्रकाठचा, तसाच परदेशी कोळशावरचा प्रकल्प गुजरातमध्ये कच्छच्या किनाऱ्यावर उभा राहिला. गावाचं नाव मुंद्रा. ८०० मेगावॉटचे पाच संच, २०१२-१३ मध्ये सुरू झाले. टाटा पॉवरने तो लिलाव जिंकला होता २ रुपये २६ पैसे युनिट या दराने. स्वस्तात मस्त!

मग सप्टेंबर २०१० मध्ये इंडोनेशियाने नियम बदलला : कोळसा यापुढे आंतरराष्ट्रीय बाजारभावानेच विकायचा. सगळं गणित तिथल्या स्वस्त कोळशावर बेतलेलं. प्रत्येक युनिटमागे तोटा होऊ लागला. कंपनी दर वाढवून मागायला आयोगाकडे गेली, प्रकरण सुप्रीम कोर्टापर्यंत पोहोचलं. एप्रिल २०१७ मध्ये कोर्टाने सांगितलं, की परदेशातला कायदा बदलला आणि कोळसा महागला म्हणून करार मोडता येणार नाही. त्याच वर्षी कंपनीने या प्रकल्पातले ५१ टक्के शेअर्स वीज घेणाऱ्या राज्यांना एका रुपयात देऊ केले. हो, एका रुपयात. तुमच्या कॅन्टीनमध्ये त्यात चहाचा घोटसुद्धा येत नाही.

ही झाली पैशाची बाजू, आणि मिठबाव-मुणग्यात कुणीही तेव्हा ती मांडत नव्हतं. ते राखेबद्दल आणि माशांबद्दल बोलत होते. त्याचं उत्तरही मुंद्र्यातच आहे. तिथल्या मच्छीमारांची तक्रार होती, की प्रकल्पाच्या गरम पाण्याने किनाऱ्याजवळची मासळी घटली, कोळशाची धूळ सुकत घातलेल्या माशांवर बसते आणि विहिरी खारट झाल्या. या प्रकल्पाला ४५ कोटी डॉलर्सचं कर्ज जागतिक बँक गटातल्या आयएफसी या संस्थेने दिलं होतं. तिथल्या लोकांनी या संस्थेवर थेट अमेरिकेत खटला भरला. आमच्यावर खटला भरताच येत नाही, असं संस्थेचं म्हणणं. फेब्रुवारी २०१९ मध्ये अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने सात विरुद्ध एक मतांनी ते फेटाळलं. बुधा इस्माईल जाम या मच्छीमाराच्या नावाने हा निकाल आता जगभरच्या लॉ कॉलेजांत शिकवला जातो. तुमच्यापैकी कुणी लॉ करत असेल तर भेटेलच. फक्त पुढचंही वाचा : नंतर खालच्या कोर्टांनी वेगळ्या कायदेशीर कारणावरून तो खटला काढून टाकला.

म्हणजे माझी आजी बरोबर होती. मी खुशीत तिला फोन लावणार होते, तेवढ्यात एका तक्त्यात मुंद्र्याची वीज कोणकोणत्या राज्याला जाते ते दिसलं. गुजरात, पंजाब, हरियाणा, राजस्थान. आणि महाराष्ट्र, ७६० मेगावॉट.

इथे मी थांबले. विजेच्या तारेवर गावाचं नाव लिहिलेलं नसतं. ग्रिडमध्ये सगळी वीज एकत्र होते, त्यामुळे मिठबावच्या पडवीतल्या दिव्यात मुंद्र्याचं नेमकं किती, हे कुणीच सांगू शकणार नाही. पण करार आहे, वाटा आहे. आपण आपला समुद्र वाचवला आणि दिवा मात्र लावला तो दुसऱ्याचा समुद्र तापवून. माझ्या हॉस्टेलचा एसी तर त्याहून मोठा गुन्हेगार. रात्रभर चालला तर सात-आठ युनिट होतात, आणि एका युनिटला साधारण अर्धा किलो कोळसा धरला तर रोज रात्री चारेक किलो कोळसा मी झोपेत जाळते. देशातली सत्तर टक्क्यांहून जास्त वीज आजही कोळशाचीच आहे. तुमचा हिशोब तुम्ही करा.

गणपतीला गावी गेले तेव्हा हे सगळं मामाला सांगितलं. त्याने नीट ऐकून घेतलं. मग विचारलं, “मगे आमी काय करूचा? हो म्हणूचा होता?”

मामेभावाचं मत वेगळं होतं. त्याने आयटीआय केलंय, इलेक्ट्रिशियन. गोव्यात एका हॉटेलच्या मेंटेनन्समध्ये आहे. “प्रकल्प इलो असतो तर माका गोव्याक जावक लागला नसता,” तो म्हणाला. मी म्हटलं, बांधकाम संपलं की अशा प्रकल्पाला फार माणसं लागत नाहीत, आणि लागतात त्यांतली बरीच बाहेरून येतात. त्याला ते पटलं नाही, आणि मला त्याचा रागही आला नाही. ‘नाही’ म्हणणाऱ्या पिढीकडे बागा होत्या. त्याच्या वाट्याला तीन भावंडांत मिळून चाळीस कलमं आहेत. २०१८ मध्ये हापूसला जीआय टॅग मिळाला तेव्हा त्याने स्टेटस ठेवलं होतं. पण टॅगवर पगार होत नाही.

मग मी माझं शहरी उत्तर काढलं : सोलर. फेब्रुवारी २०२४ पासून ‘पीएम सूर्य घर’ योजना आहे, दोन किलोवॉटला ६० हजार, तीन किलोवॉटला ७८ हजार रुपये सबसिडी. भावाने हसून एक प्रश्न विचारला. लाईट गेली तर हे सोलर चालेल का?

मला वाटलं, अर्थातच. त्याच्यासाठीच तर सोलर!

नाही चालत. साधं, ग्रिडला जोडलेलं रूफटॉप सोलर लाईट गेली की आपोआप बंद होतं, भर दुपारी ऊन असलं तरी. कारण खांबावर चढून तार जोडणाऱ्या वायरमनला तुमच्या छपरावरून आलेल्या करंटचा झटका बसू नये. लाईट गेल्यावरही चालवायचं असेल तर वेगळा इन्व्हर्टर आणि बॅटरी लागते. सबसिडी पॅनेलच्या किलोवॉटवर मिळते, बॅटरीचा खर्च आपला. हे मला कुठल्याही जाहिरातीत दिसलं नव्हतं, भावाने कोर्स करताना शिकलेलं. १६ मे २०२१ ला तौक्ते वादळ इथून गेलं तेव्हा देवगड बंदरात बोटी बुडाल्या, खांब आडवे झाले आणि गावं कितीतरी दिवस अंधारात होती. त्या दिवसांत साध्या सोलरचा उपयोग झाला असता तो शून्य.

“बॅटरीचा गणित बसता,” भाऊ म्हणाला, “पण घरावर नाय बसवूक जावचा.” घराला जुनी कौलं, वर फणसाची आणि आंब्याची दाट सावली. कोकणात घरं झाडाखाली बांधतात, कारण आपल्याला सावली हवी असते आणि पॅनेलला नको. गोठ्यावर पत्रा आहे. गुरं कधीच विकली, आता तिथे नारळ आणि क्रेट असतात. उतार दक्षिणेकडे.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही टेप घेऊन गोठ्यावर चढलो. दोन किलोवॉटला साधारण दोनशे चौरस फूट लागतात. जागा भरली. भावाने फोनमध्ये आकडे टाकले, बॅटरीसह किती आणि बॅटरीशिवाय किती. गोव्यातल्या त्याच्या एका मित्राने हेच काम सुरू केलंय. देवगडात असं करणारा अजून कोण आहे, ते तो बराच वेळ स्वतःशीच मोजत होता.

फक्त एक अडचण निघाली. दुपारी तीननंतर एका कलमाची फांदी पत्र्याच्या अर्ध्या भागावर सावली टाकते. खाली आजी उभी होती, हातात सूप. आम्ही काय बोलतोय ते तिने ऐकलं होतं.

“गोठो घेवा,” ती म्हणाली. “पण फांदी तोडूक देवचंय नाय.”