चिकलठाणा ते सॅन फ्रान्सिस्को : किलोमीटर किती, तास किती?

व्हिसा आला की घरातला पहिला प्रश्न ठरलेला, 'पोचायला किती तास लागतात गं?' तुम्ही मोबाइलवर बघून आकडा सांगता आणि मोकळे होता. पण विमानाचं गणित एसटीसारखं नसतं.

आपल्या घरचंच बघा. चिकलठाणा ते मुंबई हवाई अंतर जेमतेम 280 किलोमीटर. जेट विमान उंचीवर ताशी 900च्या आसपास पळतं, म्हणजे वीसेक मिनिटांत पोचायला हवं ना? तिकिटावर मात्र तासाच्या आसपास किंवा त्याहून जास्त वेळ असतो. तो गेट सोडल्यापासून गेटला लागेपर्यंतचा. धावपट्टीपर्यंत रांगत जाणं, चढणं-उतरणं, मुंबईवर नंबर लागेपर्यंत मारलेल्या घिरट्या, सगळं त्यात आलं.

लांबच्या प्रवासात खरी गंमत. एअर इंडियाचं दिल्ली-सॅन फ्रान्सिस्को विमान आधी अटलांटिक ओलांडून जायचं. ऑक्टोबर 2016 मध्ये ते उलट्या दिशेने, पॅसिफिकवरून नेलं. रस्ता हजारावर किलोमीटरने वाढून सुमारे 15,300 किलोमीटर झाला, तरी विमान साडेचौदा तासांत पोचलं. म्हणजे आधीपेक्षा जवळपास दोन तास लवकर! ही करामत वाऱ्याची. दहा-बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोरदार वारा वाहतो, त्याला जेट स्ट्रीम म्हणतात. तो पाठीशी असला की इंधन आणि वेळ दोन्ही वाचतात. मुंबईहून लंडनला जायला जास्त वेळ आणि यायला कमी, तेही याचमुळे.

भिंतीवरचा सपाट नकाशाही फसवतो. जानेवारी 2021 मध्ये कॅप्टन झोया अग्रवाल आणि त्यांच्या महिला पायलट टीमने सॅन फ्रान्सिस्को-बेंगळुरू विमान उत्तर ध्रुवावरून आणलं. नकाशात तो वेडावाकडा रस्ता वाटतो. पृथ्वीगोलावर दोरा ताणून बघा, पटेल.

आता तुमच्या तिकिटाकडे या. त्यावरच्या वेळा त्या-त्या गावच्या असतात. मुंबईहून रात्री एकला निघून फ्रँकफर्टला सकाळी सहाला, म्हणजे पाच तास? अजिबात नाही. हिवाळ्यात जर्मनीचं घड्याळ आपल्या साडेचार तास मागे, म्हणजे प्रवास साडेनऊ तासांचा.

खरा घोळ होतो तो आपल्या गावापासून. परदेशी जायचं तर आपल्याला मुंबई, दिल्ली किंवा हैदराबाद गाठावंच लागतं. हजार-दोन हजार वाचवायला अनेक जण इथून मुंबईचं आणि मुंबईहून पुढचं अशी दोन वेगळी तिकिटं काढतात. पहिलं विमान लेट झालं आणि पुढचं सुटलं, तर दुसऱ्या कंपनीला त्याच्याशी देणंघेणं नसतं. नवं तिकीट तुमच्याच खिशातून. एकाच पीएनआरवर दोन्ही असतील तर पुढची सोय कंपनीने करायची असते. वेगळंच तिकीट काढायचं असेल तर सरळ आदल्या रात्रीची देवगिरी एक्स्प्रेस पकडा. एज्युकेशन लोनचा पहिला हप्ता मुंबई विमानतळावर नव्या तिकिटात जाण्यापेक्षा मुंबईतल्या मावशीकडे एक दिवस काढलेला बरा. मावशी जेवायलाही घालते.