‘भरून ठेवायला काय जातं?’

‘फॉर्म भरून ठेवायला काय जातं?’ वर्ध्यातल्या कुठल्याही कॉलेजात शेवटच्या वर्षाच्या पोरापोरींमध्ये थोडा वेळ बसा, हे वाक्य कानावर पडतंच. व्हॉट्सअ‍ॅपवर लिंक आली की अख्खा वर्ग ती भरून मोकळा होतो. बँकेची भरती, पुण्याची आयटी कंपनी, घरबसल्या डेटा एंट्री, सरकारी योजना, सगळीकडे एकच बायोडाटा. माझ्या मते यात बरंच काही जातं. पन्नास ठिकाणी अर्ज टाकणारा आपल्याला नक्की काय शिकायचंय, हा प्रश्न स्वतःला विचारायचाच राहून जातो.

आधी पात्रता बघा. पंतप्रधान इंटर्नशिप योजना ऑक्टोबर २०२४ मध्ये सुरू झाली, तेव्हा मोठ्या कंपन्यांत बारा महिने काम आणि दरमहा ५,००० रुपये असं तिचं स्वरूप होतं. पूर्णवेळ शिकणाऱ्याला मात्र तेव्हा तिचं दार बंद होतं. राज्याच्या मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेत पदवीधराला दरमहा १०,००० रुपये ठरले, तिथेही शिक्षण चालू असलेला उमेदवार बसत नव्हता. १९६१ च्या कायद्याखालची शिकाऊ उमेदवारी आणखी वेगळी. तिथे रीतसर करार होतो आणि विद्यावेतन द्यावंच लागतं. म्हणजे या योजना शक्यतो पदवीनंतरच्या वर्षासाठी राखून ठेवायच्या, आणि अर्जाआधी आताचा नियम तपासून घ्यायचा. कॉलेजात असताना आपल्या हातात आहे ते अभ्यासक्रमातलं ‘ऑन जॉब ट्रेनिंग’ आणि सुट्टीतली इंटर्नशिप. ती कुठे करायची हे पुष्कळदा आपल्यालाच ठरवता येतं, आणि नेमकं तिथेच आपण घाई करतो.

वर्धा जिल्ह्यातल्या हिंगणघाटचं उदाहरण घ्या. तिथला बी.कॉम.चा मुलगा इंटर्नशिपसाठी नागपूर-पुण्याच्या वेबसाइट धुंडाळतो, आणि घरापासून सायकलच्या अंतरावर जिनिंग असते. हंगामात तिथे एक दिवस उभं राहून बघा. कापसाची गाडी आधी वजनकाट्यावर चढते. मग ढिगात मीटर खुपसून ओलावा मोजतात. भारतीय कापूस महामंडळाच्या हमीभाव खरेदीत ८ टक्क्यांपर्यंत ओलावा असला तर पूर्ण भाव मिळतो, ओलावा ८ ते १२ टक्के असला तर भावात कपात होते, त्याहून ओला कापूस घेत नाहीत. पुढे सरकी वेगळी, रुई वेगळी, रुईचा उतारा किती पडला त्याचा हिशेब, आणि शेवटी साधारण १७० किलोची गाठ. खरेदी, साठा, घट, जीएसटी, बँकेची उचल, पुस्तकातलं अर्धं कॉमर्स त्या एका आवारात चालू असतं. पण वेळ साधायला हवी. नोव्हेंबर ते फेब्रुवारीत गेलात तर हे सगळं दिसेल. जूनमध्ये गेलात तर बहुधा बंद यंत्रं बघून परत याल. अर्ज करताना कामाचा हंगाम बघणं हे कंपनीचं नाव बघण्याइतकंच महत्त्वाचं आहे, आणि ते कोणी सांगत नाही.

काम पारखायचं कसं, याचं उत्तर याच जिल्ह्यात सापडतं. ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्याला गांधीजींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली, झाकिर हुसेन समिती नेमली गेली आणि हाताच्या कामातून शिकवणारी नई तालीम उभी राहिली. तिथे आग्रह असा होता, की मुलानं नुसतं सूत कातू नये. प्रत्येक क्रिया का करायची हेही त्याला कळावं. हीच कसोटी आज इंटर्नशिपला लावा. तिथे माझ्या हाताला कोणतं काम मिळेल? ते चुकलं तर दाखवणारं कोणी आहे का? ते असंच का करायचं, हे मला विचारता येईल का? या तीन प्रश्नांची उत्तरं नसतील तर नाव कितीही मोठं असो, हाती प्रमाणपत्राचा कागद येतो आणि मुलाखतीत ‘काय केलं?’ विचारल्यावर तोंड उघडत नाही.

विज्ञान शाखेच्या मुलीनं मगनवाडीतल्या महात्मा गांधी ग्रामीण औद्योगिकीकरण संस्थेत विचारून बघावं. खादी, जैवप्रक्रिया, ग्रामीण ऊर्जा असे विभाग तिथे आहेत. यंत्र अभियांत्रिकीवाल्यानं देवळीची एमआयडीसी आधी पायाखाली घालावी, मग नागपूरच्या वाटेवरचं बुटीबोरी. बाहेर जाऊच नये असं मी म्हणत नाही. सॉफ्टवेअरचं काम पुण्यात जास्त आहे हे खरंच. पण विद्यावेतनातून खोलीभाडं आणि मेस वजा करून काय उरतं, हा हिशेब घरच्यांसोबत बसून आधी मांडा. बापानं सोयाबीन विकून आणलेल्या पैशावर फुकट राबण्यात मोठेपणा नाही. आणि नोंदणीसाठी किंवा ट्रेनिंगसाठी आधी पैसे मागणाऱ्याकडे अर्ज करूच नका.

मोजक्या पाच-सहा जागा निवडा. प्रत्येकीसाठी वेगळं पत्र लिहा, त्यात तिथलं कोणतं काम शिकायचंय ते नावानिशी लिहा. कॉलेजचं शिफारसपत्र दोन महिने आधी मागून ठेवा, परीक्षेच्या धामधुमीत ते मिळत नाही. आणि गेल्या वर्षी तिथे जाऊन आलेल्या एखाद्या सीनियरला गाठून विचारा, ‘दादा, तिथे दिवसभर करायला काय देत होते?’