नमुना गावाचा, निष्कर्ष कुणाचा?

रुग्णाची स्वायत्तता, म्हणजे स्वतःच्या शरीराबाबतचा निर्णय स्वतः घेण्याचा अधिकार, वैद्यकीय नीतिशास्त्रात बहुधा एक डॉक्टर आणि एक रुग्ण एवढ्याच चौकटीत मांडली जाते. परंतु जानेवारी २०२५ मध्ये बुलढाणा जिल्ह्याच्या शेगाव तालुक्यातील बोंडगाव, कालवड, हिंगणा आदी गावांत डोक्याला खाज सुटून काही दिवसांतच टक्कल पडू लागले, तेव्हा ही चौकट अपुरी पडली.

पाण्याचे नमुने तपासले गेले, त्यांत नायट्रेट व क्षार अधिक आढळले आणि त्यानंतर भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या, अर्थात आयसीएमआरच्या, पथकाने येऊन ग्रामस्थांचे नमुने घेतले. अशा वेळी लागते ती माहितीपूर्ण संमती, म्हणजे नमुना कशासाठी हवा आणि नकार दिल्यास उपचार अडणार नाहीत हे समजेल अशा भाषेत सांगून मिळवलेला होकार. तपासणीला दिलेली संमती उपचाराची संमती ठरत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये समीरा कोहली खटल्यात स्पष्ट केले होते. कंगवा फिरवताच केसांचा पुंजका हाती येणारा माणूस मात्र कशालाच सहसा नाही म्हणत नाही, आणि म्हणूनच त्याच्या होकाराचे ओझे तो घेणाऱ्यावर अधिक पडते.

रुग्णाची माहिती गुप्त ठेवण्याचे बंधन २००२ च्या वैद्यकीय आचारसंहितेने डॉक्टरांवर घातले आहे. कॅमेऱ्यांवर ते नाही, त्यामुळे विषाणू सापडलेला नसतानाही ‘टक्कल व्हायरस’ हे नाव गावांना चिकटले आणि सोयरिकी अडल्याच्या बातम्या आल्या.

खरा पेच निष्कर्षांचा होता. विंचूदंशावरील संशोधनासाठी ख्यातकीर्त असलेले महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी स्वखर्चाने चाचण्या करून, रेशनच्या गव्हातील सेलेनियम, म्हणजे शरीराला अत्यल्प प्रमाणात लागणारे आणि अधिक झाल्यास अपाय करणारे मूलद्रव्य, या केसगळतीच्या मुळाशी असल्याचे मांडले. आयसीएमआरचा अहवाल मात्र अनेक आठवडे ग्रामस्थांच्या हाती आला नाही, तेही केंद्रीय आरोग्य राज्यमंत्री याच जिल्ह्याचे खासदार असताना. अपुऱ्या पुराव्यावर घबराट पसरू नये, ही शास्त्रज्ञांची सावधगिरी रास्तच आहे, कारण निष्कर्ष चुकला तर गरिबाच्या ताटातले धान्य अकारण बदनाम होते. परंतु अपुरी माहिती अपुरी आहे असे सांगूनही देता येते, आणि आयसीएमआरच्याच २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांत पारदर्शकता व उत्तरदायित्व यांचा समावेश आहे.

संशयित वस्तू रोजच्या जेवणातली असल्यामुळे हा विलंब अधिक टोचतो. रेशन दुकानात गहू बदलून मागण्याची सोय सहसा नसते, पण शंका वेळीच कळली तर निदान ज्याच्या घरात ज्वारी आहे त्याला काही दिवस भाकरीवर भागवायचे की नाही, हे स्वतः ठरवता येते.