पट्ट्याने गोणी हलकी होत नाही

"पट्टा बांध, कंबरेला काही होत नाही." बांधकामावर मुकादम हे सांगतो, ठेकेदारही सांगतो, आणि बिगारी पदरचे पैसे घालून कंबरपट्टा विकत घेतो. किती वेळा खोडून काढायचं हे?

धडधाकट माणसाची कंबर पट्ट्यामुळे दुखायची वाचते, याला आधार नाही. अमेरिकेतल्या 'नायॉश' या सरकारी संशोधन संस्थेने १९९४ मध्येच तसं सांगितलं होतं. पुढे तिने दुकानांत माल हलवणाऱ्या सुमारे नऊ हजार कामगारांचा दोन वर्षं अभ्यास केला. रोज पट्टा बांधणारे आणि कधीच न बांधणारे किंवा क्वचितच बांधणारे, यांच्या कंबरदुखीत फरक आढळला नाही. ही गोष्ट २००० सालची आहे.

फरक पडणार तरी कसा? सिमेंटची गोणी ५० किलोची. वजन अंगाजवळ, कंबरेच्या उंचीवर आणि न वळता उचलायचं असलं, तरी 'नायॉश'ची मर्यादा २३ किलोची आहे. आपला बिगारी जमिनीवरची गोणी वाकून धरतो, कंबरेत पीळ घेत खांद्यावर टाकतो आणि जिना चढतो. लगेच दुसरी आणायला खाली उतरतो. पट्टा यातला एक किलोही कमी करत नाही. गोण्या कंबरेइतक्या उंचीवर रचा, एक गोणी दोघांनी उचलू द्या, हातगाडी द्या, वर न्यायला लिफ्ट लावा. हे करायचं ठेकेदाराने. पट्टा वाटून त्याची जबाबदारी संपत नाही.

उसण भरली की पायाळू माणसाची लाथ खायची, हाही हट्ट सोडा. बहुतेक उसण काही दिवसांत, फार तर काही आठवड्यांत आपोआप उतरते आणि श्रेय लाथेला मिळतं.

अंथरुण धरून पडूनही लवकर बरं वाटत नाही. हेलसिंकीतल्या १९९५ च्या अभ्यासात जमेल तेवढे रोजचे व्यवहार चालू ठेवणारे लवकर सावरले. अर्थात, त्या दिवसांत गोणी उचलायची नाही, हलकं काम करायचं.

'एमआरआय'मध्ये मणक्यांमधली गादी फुगलेली दिसली म्हणून हातपाय गाळू नका. काहीही दुखत नसलेल्या विशीतल्या सुमारे ३० टक्के लोकांतही ती तशी दिसते.

मात्र पायातली ताकद कमी होत असेल, बैठकीची जागा बधिर झाली असेल, लघवी-शौचावर ताबा राहत नसेल, तर त्याच दिवशी मोठं रुग्णालय गाठा. कंबरदुखीसोबत ताप येत असेल, वजन घटत असेल, तर मणक्याच्या क्षयरोगाची तपासणी करून घ्या.