मिशनच्या शाळेत मुलं शिकतात तरी काय?

शेंद्र्याला यजमानांची कारखान्यात नोकरी, आणि मुलीला पाचवीपासून शहरात मिशनच्या शाळेत घालायचं घाटतंय. सासूबाई मात्र विचारतात, "तिथे पोरीला बाटवणार तर नाहीत ना?" मैत्रिणींनो, हसण्यावारी नेऊ नका. त्यांना नीट उत्तर द्या.

जालना रोडवरची सेंट फ्रान्सिस डी सेल्स शाळा तुमच्या ऐकण्यात असेल. ते संत फ्रान्सिस म्हणजे जिनिव्हाचे बिशप. १६०९ साली त्यांनी चक्क संसारी माणसांसाठी भक्तीचं पुस्तक लिहिलं!

कॅथलिक शाळा राज्य मंडळाची असली, की गणित, इतिहास, नागरिकशास्त्र सगळं इतर शाळांसारखंच. वेगळा असतो तो एक तास. तेव्हा सहसा कॅथलिक मुलं धर्मशिक्षणाला जातात, बाकीची मूल्यशिक्षणाला. खरं बोलावं, दुसऱ्याची वस्तू घेऊ नये, आजाऱ्याची विचारपूस करावी, असं त्यात असतं. शिवाय राज्यघटनेचं कलम २८(३) आहेच: सरकारमान्य शाळेत पालकांच्या संमतीवाचून मुलाला धर्मशिक्षणाला किंवा प्रार्थनेला बसवता येत नाही. प्रवेश घेतानाच सरळ विचारा, त्यात संकोच कसला?

मला विचाराल तर खरी काळजी मराठीची. २०२० च्या कायद्यानं इंग्रजी माध्यमातही मराठी सक्तीची झाली, पण शाळेतल्या तासावर भागत नाही हो. सातवीतली मुलगी आजीला चार ओळींचं पत्र लिहिताना अडते. तेव्हा हे काम सासूबाईंकडेच द्या. संध्याकाळी नातीकडून वर्तमानपत्र मोठ्यानं वाचून घ्यायचं. तुमच्या पोळ्या होईपर्यंत एक पान सहज होतं.