चिंदी जिथे टेकत नाही

रायफलीच्या सफाईत नळीला जितके महत्त्व मिळते, तितके काडतूस ज्या पोकळीत बसते त्या चेंबरला आणि त्यामागे बोल्ट ज्या खाचेतून मागेपुढे सरकतो त्या अ‍ॅक्शनला सहसा मिळत नाही. वास्तविक नळीसाठी बेतलेली साधने या दोन्ही जागी निरुपयोगी ठरतात. .३०३ ली-एनफील्ड रायफलीच्या नळीचा अंतर्व्यास ०.३०३ इंच, तर चेंबरच्या मागील तोंडाचा सुमारे ०.४६ इंच असतो. त्यामुळे नळीत घट्ट बसणारी चिंदी चेंबरमधून भिंतींना न टेकताच पुढे निघून जाते.

या रायफलीच्या दस्त्यातील पितळी झाकणाच्या कप्प्यात तेलाची बाटली आणि पुलथ्रू, म्हणजे एका टोकाला पितळी वजन असलेली दोरी, ठेवलेली असे. एनसीसीच्या छात्रांना परिचित असलेली चिंदी हे या दोरीच्या फासात अडकवायचे फलालिनीसारखे कापड असून, पुसण्यासाठी ते ४ × २ इंचांचे, तर तेल लावण्यासाठी ४ × १½ इंचांचे घेतले जाई. चेंबरसाठी मात्र टोकाला चीर असलेली लाकडी काठी असे. बोल्ट काढून घेतल्यावर चिरेत कापड अडकवलेली ही काठी मागून आत घालून फिरवली की कापड भिंतींवर घासले जाई. जुन्या काडतुसांच्या प्रायमरमधून, म्हणजे दारू पेटवणाऱ्या टोपीतून, पोटॅशियम क्लोराइड हा क्षार मागे राही. तो हवेतील ओलावा शोषून पोलाद गंजवते आणि तेलात विरघळत नाही, म्हणून नळीतून उकळते पाणी ओतण्याची रीत पडली.

गोळी सुटताना पितळी पुंगळी फुगून चेंबरला चिकटते आणि दाब उतरताच थोडी आक्रसते. भिंतीवर गंज किंवा काजळी असेल तर पुंगळी अडकते आणि तिला ओढणारी आकडी कडेवरून निसटते. व्हिएतनाममध्ये एम-१६ रायफलींना १९६६-६७ च्या सुमारास हाच त्रास झाला. चेंबरला क्रोमचा मुलामा नव्हता, काडतुसातील दारू बदललेली होती आणि सफाईचे साहित्यही पुरेसे पोचले नव्हते. पुढे मुलामा आला आणि चेंबरसाठी निराळा, मागील बाजूस रुंद असलेला तारांचा ब्रश शिपायांच्या हाती पडला. तेलाचा अतिरेकही तितकाच घातक असतो, कारण तेलकट चेंबरमध्ये पुंगळीची पकड सुटते आणि बोल्टवरील भार वाढतो. म्हणून गोळीबारापूर्वी चेंबर कोरडे पुसले जाते.

ली-एनफील्डच्या बोल्टचे लग, म्हणजे त्याला जागी अडकवणारे उंचवटे, मागे असल्याने तिचे चेंबर गाठणे सोपे जाते. माउझर घराण्यातील रायफलींत मुख्य लग पुढे असतात आणि त्यांच्या खाचा चेंबरच्या अगदी मागे, बोटही पोचणार नाही अशा कोनात दडलेल्या असतात. तिथे लांब दांड्याच्या टोकावर आडवी कापसाची गुंडाळी बसवलेले हत्यार आत घालून फिरवावे लागते, आणि नळी साफ करताना बोल्टच्या जागी एक पोकळ नळकांडे बसवले जाते, जेणेकरून सफाईचा गज मध्यरेषेत राहील आणि द्रावण घोड्याच्या यंत्रणेत उतरणार नाही. तांब्याचा थर काढणारी अमोनियायुक्त द्रावणे कांस्य तारांचा ब्रशही खातात, ही या कामातील एक गमतीदार अडचण आहे: ब्रश न धुता ठेवला, तर पुढच्या वेळी कापडावर उतरणारा हिरवट-निळा रंग नळीतला की ब्रशचा, हे सांगता येत नाही. खाच कोरडी झाल्यावर बोल्टच्या लगांमागे ग्रीसचा अगदी पातळ थर दिला जातो, कारण पोलादावर पोलाद कोरडे घासले गेल्यास त्यावर ओरखडे उठतात.