बैलाच्या दाढांची निगा

बैलाचे वय ठरविताना त्याचे दात आवर्जून पाहिले जातात. दाढांकडे मात्र दुर्लक्ष होते. बैलाच्या 32 दातांपैकी वैरण दळण्याचे काम 24 दाढा करतात. त्यांच्या कडा धारदार झाल्या म्हणजे गाल व जीभ सोलवटतात. बैल अर्धवट चावलेला घास टाकतो व रोडावतो. अशा दाढा पशुवैद्याकडून कानशीने घासून घ्याव्यात.

परंतु लाळ गळते म्हणून तोंडात हात घालून पाहू नये. रेबीज झालेल्या जनावराचीही लाळ गळते, आणि या रोगाची लक्षणे माणसात दिसू लागल्यावर तो जवळजवळ नेहमीच प्राणघातक ठरतो. जनावर वेगळे बांधून पशुवैद्यास बोलवावे. जखमेस लाळ लागल्यास जखम साबणाने, वाहत्या पाण्याखाली 15 मिनिटे धुवावी व त्याच दिवशी दवाखान्यात जाऊन लस घ्यावी.